खेळाचा पगार

६ नोव्हेंबर १९६१, सोमवार
ताट आजही झाकलेलं राहिलं. सहदेव गिरणीतून सुटला की सरळ मैदानावर जाते. एकवीस वर्षांचा नातू, अन् फुटबॉलमागं धावते! त्यात आता त्या जर्मन साहेबाची साथ. साहेब गिरणीत नव्या मशिनी बसवाले आला आहे.

त्याचं जेवणही उद्यापासून माझ्याकडं. मोतीराम मुकादम सांगाले आला. "पंचफुलाबाई, अकोल्यातले खानावळवाले त्याले पंगतीत घेत नाहीत."
म्हटलं, आमाले कुठं घेत होते? पाठवा.

९ नोव्हेंबर
साहेबाचं नाव वर्नर. थोडा लंगडते. पाय मुडपत नाही म्हणून उंबऱ्यावर बसून जेवला. झुणक्यानं नाक वाहे, तरी दोनदा मागतला. आधी नागपूरले होता, मोडकी हिंदी बोलते.

तिकडं जर्मनीत त्याले म्हणे बॉल खेळाचा पगार होता. सहदेवले विचारलं, "अन् काम काय करे?"
"हेच काम, आजी. लोक तिकीट काढून पाहाले येत."
मी जन्मभर कापूस वेचला. पाहाले कोणी आलं नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार
आग लागो त्या बॉलले. मुंबईची एक गिरणी आपल्या टीमसाठी पोट्टे शोधून राहिली. १० डिसेंबरले अमरावतीत खेळून दाखवाचं. घेतलं तर मुंबईत एक वर्षाची नोकरी. एकच वर्ष! अन् इथं तो जानेवारीत परमनंट होते. आमच्या घरात परमनंट कोणी झालंच नाही. त्याचा बाप रोजंदारीतच मेला.

"परमनंट सोडून जाशीन?"
"एक वर्ष पाहू तर दे, आजी."
"अन् वर्षानंतर?"
भाकर मोडत बसला, खाल्ली नाही.

२० नोव्हेंबर
चूल दोनदा सारवली. गरज नव्हती.

२३ नोव्हेंबर
सहदेव पाळीवर होता. साहेब एकटाच जेवाले आला. सरळ विचारलं, पाय कशानं गेला?

त्यानं ताट बाजूला ठेवलं अन् पँट वर ओढली. गुडघा असा, जशी घाईत शिवलेली गोधडी. त्याचा बाप म्हणे कोळशाच्या खाणीत मेला. घर लढाईत गेलं. एकोणिसाव्या वर्षी क्लबनं सही घेतली अन् पगार सुरू केला. सहा वर्षं खेळला. मग समोरच्याची लाथ बसली.
"फिर?"
"अगले इतवार मेरा कमीज दूसरे ने पहना."
हसून सांगे. दवाखान्यात पडल्या पडल्या रेडिओवर ऐकलं, त्याची टीम त्याच्याबिगर जिंकली. मग पोरासोरांत बसून मशिनीचं काम शिकला.

म्हटलं, हे सारं सहदेवले सांगा.
"बताया, माताजी."
"मग? काय म्हणे?"
"उसने पूछा, वो छह साल कैसे थे."
पुढचं मी विचारलं नाही. साहेबाच्या तोंडावरच दिसे. एवढंच म्हटलं, त्याले सांगा तुले खेळता येत नाही म्हणून. तुमचं ऐकन तो.
साहेबानं मान हलवली. "नहीं, माताजी." अन् ठेचा मागतला. दिला. जास्तच दिला.

१ डिसेंबर
साहेबानं सहदेवले स्वतःचे बूट दिले, जर्मनीहून आणलेले. हा आजवर अनवाणी खेळे. आता अंगणात असा चालून राहिला, जसा पहिल्यांदा नाल ठोकलेला बैल. बूट खुंटीवर लटकवते अन् जेवतानाही तिकडंच पाह्यते.

मुंबईवाले बूट घालूनच खेळणारे लोक. बूट नसले तर उभं कोण करन?

९ डिसेंबर, शनिवार
बूट तुरीच्या कोठीत घातले. वरून तूर ओतली.

१० डिसेंबर
सहदेवनं सकाळी घर उलथंपालथं केलं. मीही शोधू लागली, खाटेखाली वाकून. म्हटलं, कुत्र्यानं नेले असतीन. साहेब त्याले घ्याले आला होता. दारातून त्यानं खाली सांडलेली तूर पाह्यली, कोठी पाह्यली, मग माझ्याकडं पाह्यलं. गाडी चुकन म्हणून दोघं निघाले.

दिवसभर हाताले काम लागलं नाही. शेजारच्या सुंदराबाईशी भांडण काढलं, नळावर.

११ डिसेंबर
मोतीराम गेला होता पाहाले. ओरडतच आला. "बाई, पोट्टा काय पळाला! इतके दिवस त्या बुटात अडखळे. काल अनवाणी, तर कोणाच्या हाती लागला नाही. घेतलं त्याले! मुंबईवाला म्हणे, बूट आमी सावकाश शिकवू."

सूप हातातून पडलं. मोतीरामले वाटलं, आनंदानं.

१४ डिसेंबर
बूट पुन्हा खुंटीवर लटकवले. सहदेवनं पाह्यले, विचारलं नाही. साहेब रोजच्यासारखा जेवून गेला. त्यानंही नाही. दोघांचं हे गप्प राहणं मले खाते.

२ जानेवारी १९६२
सहदेव गेला. गाडीत बसता बसता म्हणे, "साहेबानं सांगतलं मले, आजी. बुटानं माह्ये पाय सोलले, हे तुले एकटीले दिसलं. म्हणून लपवले तू."
मी हो म्हटलं.