ट्रॅक्टरचा पिवळा दिवा

तळवली, १२ सप्टेंबर २०२५

चि. मिताली हीस चांगदेवमामाचे पोटभर आशीर्वाद.

गणपतीला आलीस, मोदकांवर ताव मारलास आणि जाता जाता माझ्या ट्रॅक्टरचे डोळे बदलून गेलीस. कंपनीच्या आवारातलं गवत कापायचा एवढासा ट्रॅक्टर, पण तुझे एलईडी लागल्यापासून त्याच्या तोंडावर नवरदेवाचं तेज आलंय. गेटवरचा सौरभ तर त्याला विमान म्हणतो. जुन्या पिवळ्या दिव्यांत संध्याकाळी गवत आणि माती सारखीच दिसायची, आता बाटलीचं बूचसुद्धा लांबून दिसतं.

एक विचारायचं राहिलं. इंजिन दमलं की जुने दिवे मंद व्हायचे. हे होत नाहीत. असं कसं?

उत्तर पत्रानेच दे. फोन करू नकोस, तळवलीत नेटवर्कचा काही भरवसा नाही, शब्द तुटतात. दोन वर्षं आपली पत्रं चालू आहेत तेच बरं आहे.

माया आहे तशीच ठेव, वाढवायची असेल तर लिंबाच्या लोणच्याबरोबर पाठव.

तुझा मामा


चाकण, १६ सप्टेंबर २०२५

ती. मामास मितालीचा शि. सा. न. वि. वि.

दिवसभर कारखान्यात दिवेच तपासते, तरी तुझा प्रश्न वाचून मजा आली. जुन्या दिव्यांना वीज थेट इंजिनाकडून यायची. इंजिनाला धाप लागली की दिवाही मलूल व्हायचा. एलईडीला असले चढउतार सोसत नाहीत, ते लुकलुकतात, म्हणून मी ते बॅटरीवर घेतले. आता इंजिन दमो की नाचो, उजेड तेवढाच. आम्ही याला सुधारणा म्हणतो.

जुने दिवे जपून ठेव. मामीच्या हाती लागले तर त्यांच्या बदल्यात घरात चमचे येतील.

मामीस नमस्कार, आणि माझ्यावरचा तुमचा जीव कमी होऊ देऊ नका.

तुझी मिताली


तळवली, २८ सप्टेंबर २०२५

चि. मिताली हीस आशीर्वाद.

तुझ्या दिव्यांनी माझी झोप उडवली आहे. ट्रॅक्टर सारखा बंद पडतोय. पावसाने गवत माजलंय, ते ओलं गवत पात्यात अडकतं आणि इंजिन गप्प होतं. परवा तर पट्टा जळाल्याचा वास आला. पातं कधी वर उचलायचं हे इतकी वर्षं मला आपोआप कळायचं, आता काय झालंय देव जाणे. तुझे दिवे इंजिनाची ताकद खातात का?

आमचे इंद्रजितसाहेब साताऱ्याचे, माणूस भला. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की आता पुन्हा बंद पडला तर ट्रॅक्टर दुसऱ्याला देतो, तुम्ही गेटवर बसा. मला फार लागलं गं. ते लॉन आहे ना, तिथे आमची भातखाचरं होती. जमीन गेली तेव्हा तुझी आई आणि मी बांधावर उभे राहून रडलो होतो. आज तिथे निदान गवत तरी माझ्या हातचं आहे. गेटवर बसवलं तर तेही जाईल.

लवकर कळव आणि मामावर लोभ ठेव.

चांगदेव


तळवली, दसरा

चि. मितालीला गंगूमामीचा आशीर्वाद.

आज ट्रॅक्टरला झेंडूचा हार घातला. तुझ्या मामाने पूजा केली, पण जेवला नाही. तुला सांगू की नको असं चाललं होतं माझं, पण सांगते. कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन डाळ करपते आणि हा बाजूलाच पेपर वाचत असतो. टीव्ही एवढा मोठा लावतो की शेजारची सत्यभामा तिच्या घरात बसून आमच्या बातम्या ऐकते. विषय काढला की चिडतो, म्हणतो, "माना सगला आयकू येतं, तुमीच हलू बोलता."

दोन वर्षांमागे सकाळची पाळी सोडून याने संध्याकाळची का मागून घेतली, तेही मला कळलं नाही. ट्रॅक्टरवर धक्के बसतात म्हणून मी त्याच्या सीटवर जाड फोम घातलाय, तेवढंच सुख. आणि नेटवर्कचं म्हणशील तर आमची सून दिशा दिवसभर इथेच बसून व्हिडिओ बघते.

मी लिहिलं हे त्याला कळवू नकोस. येत जा, वाट बघते.

गंगूमामी


चाकण, ६ ऑक्टोबर २०२५

ती. मामास मितालीचा शि. सा. न.

दिवे ताकद खात नाहीत, उलट कमीच घेतात. मग बंद का पडतो, हा किडा माझ्या डोक्यातून जाईना. काल कारखान्यात एक गंमत केली. कानांवर आवाज बंद करणारी टोपणं लावली, इंजिनाला जुना दिवा जोडला आणि मैत्रिणीला, वैशालीला, इंजिनावर भार टाकायला सांगितलं. मला काही ऐकू येत नव्हतं, तरी प्रत्येक वेळी इंजिन कधी दमलं ते कळलं.

तूही करून बघ. एका बाजूचा एलईडी काढ, तिथे जुना दिवा लाव. त्याची वायर मी लाल पट्टी गुंडाळून आत ठेवली आहे. एक फेरी तशीच मार. दुसऱ्या फेरीत दिव्यावर गोणपाट टाक. काय होतं ते मला खरं खरं लिही.

मामा, रागावू नकोस. लहानपणी खाडीवर हरवले होते तेव्हा माझी हाक तूच आधी ऐकली होतीस. तुझ्या कानांची मला काळजी वाटते.

तुझीच मिताली


तळवली, भाऊबीज झाल्यावर

चि. मिताली हीस खूप खूप आशीर्वाद.

रागावलो होतो. तुझं पत्र फळीवर टाकून दिलं होतं. मग उत्सुकता गप्प बसू देईना.

जुना दिवा लावून फेरी मारली. दाट गवतात उजेड विझत चालला आणि माझा हात आपोआप दांड्यावर गेला, पातं वर. ट्रॅक्टर एकदाही अडला नाही. मग गोणपाट टाकलं. दाट गवतात शिरलो, मजेत चाललो होतो. आपण पुढे जात नाही हे समोरचं झाड जागचं हलेना तेव्हा लक्षात आलं. इंजिन केव्हाच बंद झालं होतं, मिताली. गंगूच्या जाड फोमवर थरथर थांबल्याचंही कळलं नाही, मी तसाच स्टिअरिंग धरून बसलो होतो.

मला वाटायचं मी इंजिन ऐकतोय. मी ते बघत होतो.

घाबरलो, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी इंद्रजितसाहेबांकडे जाऊन मीच सांगितलं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं. मग म्हणाले, आधी कान दाखवा, सीट कुठे जात नाही. आता ट्रॅक्टरला एक डोळा पांढरा आणि एक पिवळा आहे. सौरभ हसतो, हसू दे. पांढऱ्याने रस्ता दिसतो, पिवळ्याने इंजिन.

कानात यंत्र बसलं. पहिल्याच संध्याकाळी कुकर ऐकला, पाठोपाठ गंगू माझ्याबद्दल सत्यभामेला काय काय सांगते तेही ऐकलं. ती जपून बोलायला शिकेपर्यंत मजा आहे.

पत्रं थांबवू नकोस, मला त्यांची सवय झाली आहे. पण तळवलीत नेटवर्क आलंय. रविवारी फोन कर, तुझा आवाज ऐकायचा आहे.

तुझा मामा