कारण : दूध आटलं

लासुर्णे
१८ नोव्हेंबर १९९६

प्रिय करुणा,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही कागद चुलीत घातले. आज अंगणवाडी सुटल्यावर मदतनीस सारजाला घरी पाठवलं आणि इथंच सतरंजीवर बसून लिहितेय. घरी नाना सारखं विचारतात, एवढं काय लिहायचंय पोरीला?

नाना बरे आहेत. विकीला भिगवणला दुकानात काम लागलंय, डाळजला मित्राच्या घरी राहतो. तेजश्री शाळेत रमली हे वाचून बरं वाटलं. धाकटीचं नाव अजून ठेवलं नाही म्हणतेस. पाच महिने झाले की गं तिला.

मधे कामाचा फार व्याप होता. दिवाळीआधी आमच्या सुपरवायझर सिंधुबाई आल्या आणि गेल्या पाच वर्षांची माहिती मागून गेल्या. कोणत्या बाळाला जन्मल्याबरोबर आईचा चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध, पाजला, किती महिने नुसतं आईच्या अंगावरचं दूध दिलं, अंगावरून कधी तोडलं आणि का तोडलं. हे सगळं मी दर महिन्याला घरोघर फिरून लिहीतच असते, पण एकत्र करून कधी पाहिलं नव्हतं. एकशे अठरा बाळं निघाली. ब्याण्णव साली बावीस बायकांपैकी सातजणींनी चीक पाजला होता, बाकीच्यांनी पिळून टाकलेला. यंदा चोवीसमधल्या वीसजणींनी पाजला. बाटल्याही कमी झाल्यात. त्या दिवशी मी इतकी खूश झाले की सारजाला हॉटेलातून भजी आणायला लावली.

दुसऱ्या दिवशी वजनाची कार्डं लावताना मुलांची एका बाजूला आणि मुलींची दुसऱ्या बाजूला ठेवली. मनात काही नव्हतं, सहज. मग तीच माहिती तशी वेगळी मांडून पाहिली. मुलगे दीड-दोन वर्षं अंगावर पितात. मुली सातव्या-आठव्या महिन्यात बंद. वर्षाच्या आत तोडलेली एकेचाळीस बाळं, त्यांच्यापुढे कारण लिहिलेलं, ‘दूध आटलं.’ त्यातल्या तेहतीस मुली. सगळं माझ्याच अक्षरात. बायकांनी सांगितलं आणि मी लिहीत गेले. आईचं दूध काय पोरगा-पोरगी बघून आटतं?

सिंधुबाईंना दाखवलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, “फॉर्मात असा रकाना नाही तुळसाबाई. पण वेगळ्या कागदावर लिहून द्या, मी जोडते.” मी लिहून दिलं. मला वाटलं होतं, दिलं की मोकळं वाटेल. उलट तेव्हापासून एका जागी बसवत नाही. खिचडी शिजायला टाकते आणि उठून वाटेवर जाऊन उभी राहते. कुणाचं लेकरू रडलं की कोणाचं, किती महिन्यांचं, हेच डोक्यात येतं.

त्यातच नकोशीच्या पोरीचं झालं. नकोशी म्हणजे धोंडाबाईची सून, कालव्याकडेच्या वस्तीवरची. तिला ही तिसरी मुलगी, वैष्णवी. सहाव्या महिन्यात सात किलो भरलेली पोर आठव्या महिन्यात पावणेसहावर आली. मी वस्तीवर गेले तर पोर खाटेवर पडलेली, डोळे खोल गेलेले, जुलाबानं लुगड्याची घडी भिजलेली. शेजारी पाणी घातलेल्या दुधाची वाटी, तिच्यावर माश्या. धोंडाबाई म्हणाली, “दूधच आटलं तिचं, बाई. आमी काय करनार?” नकोशीची चोळी मात्र दोन्हीकडून ओली होती. मी तिला धुण्याच्या दगडाकडे नेलं तेव्हा ती म्हणाली, “आटलं न्हाय बाई. दाटून येतंय. आत्या कडूलिंबाचा पाला वाटून छातीला लावाया लावत्यात. पोरगी त्वांड लावती आन् रडती. आत्या म्हंत्यात, लवकर तोड, म्हंजी पुढचं पोरगं व्हईल.”

मी वाद घातला नाही. पोरीला उचललं, नकोशीला बरोबर घेतलं आणि रस्त्यावर येऊन जो टेम्पो भेटला त्यात बसून इंदापूरचा सरकारी दवाखाना गाठला. पोरीला सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता अंगावर घ्या. मी नळावर नकोशीला साबणानं छाती धुवायला लावली. पोरीनं दोनदा तोंड फिरवलं. तिला तो कडूपणा आठवत असावा. तिसऱ्यांदा मात्र तिनं धरलं आणि घुटका घेतल्याचा आवाज आला. नकोशी रडायला लागली आणि मीही.

धोंडाबाई मागून आली होती, दाराशी बसून बघत होती. मी तिला म्हटलं, “बघा, आटलं होतं का?” ती चिडली नाही. हळूच म्हणाली, “बाई, तुमची करुणा किती म्हयन्याची व्हती वं, तोडली तवा? तिच्या मागं लगीच विकी आला न्हवं का?”

बरोबर आठवलं तिला, करुणा. तू सात महिन्यांची होतीस. जन्मलीस तेव्हा चांगली गुटगुटीत होतीस. तुझी आजी म्हणाली हे खरं, पण पाला मीच वाटला आणि मीच लावला. तू रडायचीस आणि मी पाठ करून निजायचे. पंधरा दिवस दूध येत होतं, ते मी मोरीत पिळून टाकलं. मग तुला जुलाब, मग गोवर. अडीच वर्षांची होईपर्यंत तू पाय टाकला नाहीस. आणि आपल्या घरात सगळे हसून सांगतात की करुणानं स्वतःच अंगावरचं सोडलं, लहानपणापासून हट्टी. तूसुद्धा तेच सांगतेस. ते खोटं आहे. तू सोडलं नव्हतंस, मी तुला तोडलं.

तुझ्या पत्रात शेवटी एवढंच आहे : ‘दूध आटत चाललंय, सासूबाई म्हणतात वरचं सुरू कर.’ खरंच कमी वाटत असेल तर पोरीला घडीघडी अंगावर घे, ती ओढेल तसं दूध वाढेल, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि कारण दुसरं असेल, तर ते तू मला सांगायला नको, मी ते केलंय. गुरुवारी सकाळच्या एसटीनं मी पिंपळीला येतेय. तुझ्या सासूबाईंशी आणि सोमनाथरावांशी मीच बोलेन, आणि जे तुला लिहिलंय तेच त्यांच्यासमोर सांगेन. मला शरम वाटेल, वाटू दे. तुला माझा राग येईल, तो सगळ्यांदेखत काढ. पण मी येईपर्यंत पोरीला तोडू नकोस.

जिनं तुला तोडलं, तरीही तुझीच,
आई