दुपारची सुट्टी

घोडपदेव, ७ जानेवारी २०२४

ती. रखमाआत्यास,
स्वप्नीलचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की सगळी चाळ ऐकते, म्हणून पत्र. गुडघ्याला तेल लावतेस ना?

चांगली बातमी आहे. परळच्या दुकानात मी यंत्रावर एस्प्रेसो काढतो, तिथले मनमोहनशेठ म्हणाले, कॉफीच्या बिया घरी भाजून आण. जमल्या तर दुकानात फक्त सकाळची पाळी आणि दुपारी भाजण्याचं काम घरी. तू जिन्यात पडलीस तेव्हा मला संध्याकाळपर्यंत कळलं नव्हतं. आता तसं होणार नाही. तू परत इथे राहायला येऊ शकशील.

आज तुझ्या लोखंडी कढईत पहिल्यांदा भाजल्या. हात एकसारखा हलता ठेवावा लागतो. नवव्या मिनिटाला तडतडल्या, अकराव्याला उतरवल्या, सुपात पाखडून पंख्याखाली गार केल्या. वहीत सगळं लिहून ठेवलं आहे. धुराची तक्रार नको म्हणून दार-खिडक्या लावून घेतल्या होत्या. उद्या पहाटे आणखी भाजून ताज्याच नेईन, तू तव्यावरची भाकरी थेट ताटात वाढायचीस तशा.

लोभ आहे तसाच ठेव.
तुझा,
स्वप्नील

कणकवली, १५ जानेवारी २०२४

चि. स्वप्नील यास,
अ. उ. आ.

मी सांगते आहे, मनवा लिहिते आहे. मनवा म्हणजे भावजयीची नात, तुला आठवत नसेल.

मेल्या, दार लावून काय भाजत होतास? शेजारच्या सुमतीकाकूने फोन करून मनवाला सगळं सांगितलं. दाराखालून धूर आला तेव्हा चौघांनी मिळून दार ठोकलं म्हणे, आणि तू हातात झारा घेऊन खोकत बाहेर आलास. मला तू काही कळवलं नाहीस. कॉफीच्या नादात जेवतोस तरी का?

आता नीट वाच. तुझं काम जमो, पण माझ्यासाठी करू नकोस. तीन मजले मला आता होत नाहीत. इथे अंगणात उतरायला एकच पायरी आहे. शिधापत्रिकेतलं माझं नाव कमी करून दाखला पाठव, इथल्या कार्डात घालायचं आहे. रडू नकोस.

सुखी राहा, पत्र धाडत जा.
तुझी,
आत्या

घोडपदेव, २९ जानेवारी २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ताज्या बिया नेल्या तिथेच चुकलो. नुकत्याच भाजलेल्या बियांत वायू कोंडलेला असतो. कपात नुसता फेस आला आणि चव आंबट. शेठ हसून म्हणाले की ही भाकरी नव्हे, आठ दिवस डब्यात गप्प बसू दे. पहिल्या दिवशीच्या बिया आठ दिवसांनी नेल्या. एस्प्रेसो मधासारखी दाट उतरली. शेठनी सगळा कप संपवला आणि काम मला दिलं.

सुमतीकाकू आता भाजताना दार उघडं आहे का ते बघून जाते. आत येत नाही, तिला वास सोसत नाही.

गेल्या सोमवारपासून मी एक वाजता घरी येतो. भाजून, पाखडून, कढई घासून चार वाजतात. नंतर काही नसतं.

दाखला सोबत जोडला आहे. रेशन कचेरीत दोनदा जावं लागलं. अर्जात घरातल्या माणसांची संख्या विचारली होती. मी एक लिहिली.

तुझी माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
स्वप्नील