उद्याचा धडा आज

चि. धाकट्यास,

ताईचा आशीर्वाद. खोकला कसा आहे? (औषध घेत नसशील तर कळवू नकोस, उगाच माझं डोकं फिरेल.) माझी तब्येत बरी आहे, सूनबाईंच्या मते जरा जास्तच बरी.

लिहायचं कारण, मागे कळवलं होतं तो नातीचा शिक्षकाचा परवाना. दोन वर्षं ती कच्च्या परवान्यावर शिकवते आहे. आता विभागीय कार्यालयातून तपासणीस बाई येऊन तास बघणार होती, पटला तर पक्का परवाना, नाहीतर पोरगी घरी. मला वाटलं, येईल कुणी ठमाबाई, खुर्चीत बसून चहा ढोसेल, सही ठोकेल नि जाईल. नातीचा विसरलेला चष्मा द्यायला शाळेत गेले, तर ही बाई चहाला नको म्हणून शेवटच्या बाकावर, पोरांत अंग चोरून बसलेली! मला म्हणाली, "बसा आजी, पण बोलायचं नाही." (मला! घरात कुणाची छाती नाही.)

नातीने आठवडाभर एकच धडा पोरांकडून घोटून घेतलेला. तिने अर्धा प्रश्न विचारला की वर्ग पूर्ण उत्तर देऊन मोकळा. त्यात पुढच्या बाकावरची चिमुरडी ओरडली, "बाई, आता तुम्ही मला शाबास म्हणायचंय!"

तपासणीस बाई हसलीसुद्धा नाही. म्हणाली, "छान. आता उद्याचा धडा घ्या."

नात पांढरीफटक. भागाकार मांडला, तो चुकला, आणि त्याच चिमुरडीने तो पकडला. नात थबकली, "चुकलंच माझं" म्हणाली, फळा पुसला नि पहिल्यापासून असं समजावलं की बाकी का उरते ते मला या वयात कळलं. नेमकी तेव्हाच ती बाई भराभर लिहायला लागली. मी उठलेच, "अहो, घरी नाही चुकत ती!"

"आजी, बसा."

बसले.

तास संपल्यावर तिने नातीला सांगितलं, पाठ केलेला धडा मी धरलाच नाही, दुसऱ्या धड्यावरून पक्क्या परवान्याची शिफारस करते. आणि मागून फळ्याचा खालचा भाग दिसत नाही, जरा वर लिहीत जा. साहेबलोक मी पुष्कळ पाहिले, पण मागे बसून फळा पाहणारी ही पहिलीच. माझ्या तोंडून कुणाची स्तुती निघाली, तारीख लिहून ठेव.

तुझी ताई

ता.क. निघताना ती म्हणाली, वरून कुणाचा शब्द आला तर परवाना अडकतो, चौकशी लागते. म्हणून, तिच्या मोठ्या साहेबांच्या कानावर घाल असं मी तुला मागच्या पत्रात सांगितलं होतं, ते घालू नकोस.

ता.क. २ घातलं असशील तर आजच जाऊन सांग, मला बहीणच नाही. आणि सांगून झालं की तुझ्या बहिणीला कळव.