सात घरांचा धागा

प्रिय मालकीणबाई,

दचकू नकोस, तुझी आजीच बोलतेय. मला चादरीच्या नक्षीच्या कागदावरची चौकोनी घरं मोजता येतात, अक्षरं कधी आली नाहीत. लिहिणारी कोण ते शेवटी सांगते, नाहीतर इथेच कागद फाडशील. नाक माझ्यावर गेलंय तुझं, रागही.

चार महिन्यांपूर्वी चादरींचा कारखाना हाती घेतलास आणि आधी टेबलं वेगळी केलीस. आम्ही नक्षी काढणाऱ्या जुन्या बायका खिडकीपाशी, नव्या पोरी भिंतीपलीकडे. शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो म्हणालीस. जातो, खरंय. पण आता बघ. आमच्याकडे तिघी म्हाताऱ्या तीच ती वेल काढतात, एकमेकींना शहाण्या म्हणतात, आणि मी मान डोलावते. पलीकडे पोरी पाखरं काढतात, इतकी सुंदर की मागाला झेपत नाहीत.

त्या पाखरांच्या चादरी त्यामुळेच बिघडल्या. सात घरांपेक्षा लांब धागा कापडावर मोकळा सोडायचा नाही, बोटातल्या अंगठीत अडकून ओढला जातो. हे कुठे लिहिलेलं नसतं, शेजारी बसल्यावर कळतं. ती पाखरं काढणारी एक पोर कागद घेऊन मला विचारायला दारापर्यंत आली होती. तू म्हणालीस, "आपापल्या टेबलावर." चाळीस चादरी परत आल्या आणि काल तू तिला कामावरून काढलंस.

आता ऐक, आणि चिडवू नकोस. चिडवायचा मान माझा. वर्ष होऊन गेलं, माझा हात कापतो. पेन्सिल टेकली की रेघ वाट चुकलेल्या मुंगीसारखी पळते. ज्या वेलींवरून तू माझी पाठ थोपटलीस, त्या मी घरं मोजून बोटाने दाखवल्या आणि शेजारी बसून याच पोरीने काढल्या. टेबलं वेगळी झाल्यापासून माझ्याकडून एक पान निघालेलं नाही. खराब कागद उशीखाली दडवलेत. कुणाला सांगणार होते? पन्नास वर्षं याच हातावर मिरवले मी.

तिला सात घरं ठाऊक नाहीत, मला रेघ येत नाही. दोघी मिळून कसाबसा एक माणूस होतो गं. तिला परत घे, माझ्या शेजारी बसव. तुझ्यापुढे पदर पसरते, जन्मात कुणापुढे पसरला नव्हता. हे पत्र तीच लिहितेय. पदराचं वाक्य लिहायला तयार नव्हती, कोपराने ढोसलं तेव्हा लिहिलं. खाली माझा अंगठा आहे. तोही तिनेच धरून उमटवलाय.

तुझीच, थरथरती का होईना,
आजी