जांभळे जंतू

आदिलाबाद, ऑगस्ट १९९१, बुधवार, संध्याकाळ

दवाखान्याच्या प्रयोगशाळेतच बसून लिहितेय.

तामसी गावचा गणपत सकाळी आमच्या दवाखान्यात गेला. म्हशी धुताना डबक्यात पाय कापला, मग ताप, मग अंगभर फोड. त्याच्या रक्तातले जंतू आज काचेच्या प्लेटवर वाढलेले दिसले, गर्द जांभळे. असा रंग मी कधी पाहिला नव्हता. पुस्तकात तो जंतू सापडला : साचलेल्या पाण्यातला, माणसाला क्वचितच होणारा, झाला तर मारणारा.

दुपारी त्याचा भाऊ मारोती प्रयोगशाळेत घुसला. सदरा रक्तानं माखलेला.

"माह्या भावाचं रगत काऊन ठेवलं तुमी?"

"हे कुणाचं रक्त?"

"चुलतीचं. तिनंच भानामती केली. दगडानं ठेचलं तिले. जित्ती हाये अजून, जाऊन संपवतो."

मी शिपायाला हळूच चुलतीला आणायला तामसीला जीप पाठवायला सांगितलं आणि मारोतीसमोर प्लेट धरली. "हे बघ. डबक्यातले जंतू आहेत. यांनीच मारलं त्याला."

तो बघतच राहिला. त्याला ते भावाचं रक्तच जांभळं झालेलं वाटलं. मग ओरडला, "हेच तर भानामती!" आणि प्लेटवर मूठ हाणली. काच तळव्यात घुसली. तोच जांभळा रंग त्याच्या जखमेत.

मी ओढत नेऊन हात धुतला, जंतूंवरचं इंजेक्शन दिलं, गणपतच्या कापलेल्या पायातून ते कसे शिरले ते समजावलं. तो लहान मुलासारखा रडत होता. "डबक्यातलेच जंतू ना, बाई? चुलतीनं काईच नाई केलं ना?"

"काहीच नाही."

"मंग तिले आना. पाया पडतो तिच्या."

जीप तोवर परत आली होती. चुलती वाटेतच गेली.

कसं सांगू त्याला? अजून सांगितलेलं नाही.