सीमाप्रश्नावरचं तुमचं पत्र

अण्णा, आपल्या शेजारच्या घरातली मुलगी आता महादेवपुऱ्यात एका कंपनीत कामाला लागली आहे. इंटरनेटवर लोक राजकारणावर जे काही लिहितात ते वाचायचं आणि त्यातलं काय ठेवायचं, काय काढून टाकायचं ते ठरवायचं, असं तिचं काम. परवा जिन्यात भेटली तेव्हा मी सहज विचारलं, ज्याचं काढता त्याला तसं कळवता का? ती म्हणाली, कळवतो की आंटी, आपोआप जातं. मी बरं म्हटलं आणि वर आले. मग दिवसभर मला दुसरं काही सुचेना. कुकर लावला आणि गॅस पेटवायची विसरले. तुमच्याशी बोलायचं इतकी वर्षं टाळलं, ते आज लिहून टाकते.

बनशंकरीच्या घरात कॉम्प्युटर आला ती नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. मी इंटरनेट लावलं की फोन अडकून पडायचा आणि आई चिडायची, कारण मावशीचा फोन नेमका तेव्हाच यायचा. तुम्ही मात्र खुर्ची ओढून माझ्या मागे येऊन बसायचात. आम्ही काही मराठी लोकांनी मिळून तो ईमेलचा गट काढला होता. बहुतेक जण पुण्यामुंबईहून इथं कर्नाटकात नोकरीला आलेले, काही शिकायला अमेरिकेत गेलेले, काही बेळगावकडचे. कोणीही काहीही लिहायचं, राजकारणावर लिहिलेलं तर हवंच. पण प्रत्येक पत्र आधी माझ्याकडे यायचं आणि मी सोडलं तरच बाकीच्यांना जायचं. शिवीगाळ नको, जातीवरून बोलणं नको, असे आमचे नियम. हे काम माझ्याकडे आलं याचा मला केवढा अभिमान होता. इथं जन्मलेली, इथल्याच शाळेत शिकलेली मी, आणि ती सगळी माणसं आपलं लिहिलेलं माझ्या हाती देत होती.

रविवारची सकाळ अजून दिसते मला. थंडीचे दिवस, स्वयंपाकघरात भिजवलेल्या अवरेकाळूचं, पावट्याच्या दाण्यांचं पातेलं. तुम्ही बोटांत एकेक दाणा दाबून साल उडवताय आणि मी तिथंच स्टुलावर बसून आठवड्याची छापून आणलेली पत्रं मोठ्यानं वाचून दाखवतेय. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. तुम्हाला ती अक्षरं बघवत नसत, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. इथल्या शिवाजीनगरच्या शाळेत तुम्ही आयुष्यभर कन्नडमधून भूगोल शिकवलात, पण घरात आपण मराठीच बोलत आलो. कोणाचं पटलं की तुम्ही मान हलवायचात. नाही पटलं तर दाणा जरा जोरात दाबला जायचा आणि साल माझ्या अंगावर यायची.

मग गटात सीमाप्रश्न निघाला. बेळगावकडचा तो बँकेतला मुलगा, जो आपल्याकडे जेवायला यायचा आणि तुम्हाला काका म्हणायचा, त्यानं लिहिलं की कर्नाटकातल्या प्रत्येक मराठी माणसाला महाराष्ट्रात जायचं आहे. त्याचा मोठा भाऊ त्या आंदोलनात तुरुंगात जाऊन आला होता, आणि त्याच्या लिहिण्यात ते जाणवायचं. तुम्ही दाणे सोलायचे थांबलात. म्हणालात, "प्रत्येक म्हणजे मीपण की. मला कोण विचारलं?" आणि हात धुऊन मला कॉम्प्युटरपाशी बसवलंत, स्वतः मागे उभे राहिलात. मी सांगतो, तू लिही.

ते पत्र मला अजून पाठ आहे. आम्ही या गावात कधी आलो ते आमच्या आजोबालाही ठाऊक नव्हतं. घरात मराठी, बाजारात कन्नड, असं आमचं चाललंय. दोन्हीकडचे लोक आमच्या नावानं भांडतात, पण आम्हाला कोणी विचारत नाही. तिकडे कोणी भाषण केलं की इकडे आमच्या लोकांच्या दुकानाची काच फुटते. नकाशातली रेघ स्वल्प इकडे सरकवली म्हणून कुणाचं पोर दोन अक्षरं जास्त शिकणार? मागायचं तर शाळा मागा. रेघ सुम्ने राहू द्या. खाली तुमचं नाव. मी सगळं परत वाचून दाखवलं. तुम्ही चष्मा पुसत ऐकलंत आणि मान हलवून म्हणालात, सरी, पाठव.

मी बटण दाबलं. पत्र गेलं, आणि नियमाप्रमाणे माझ्याकडेच परत आलं, मी सोडण्याची वाट बघत. मी ते सोडलं नाही.

पुढच्या रविवारी तुम्ही विचारलंत, काय आलं काय उत्तर? मी नाही म्हटलं. त्याच्या पुढच्या रविवारी परत विचारलंत. लोक कामात असतात, असं तुम्हीच मला समजावलंत. मग एकदा म्हणालात, स्वल्प लांब झालं असेल. मग विचारायचं बंद केलंत. पण मी पत्रं वाचायला बसले की तुमचे हात थांबायचे, आणि शेवटचं पत्र वाचून झालं की पुन्हा सुरू व्हायचे. मी ते दर वेळी बघत होते असं म्हणत नाही, पण बघत होते. जेवताना आईला तुम्ही हसत हसत सांगितलंत की आपण मास्तर लोक, आपल्याला वाटतं वर्ग अजून समोर बसलाय. आई हसली. मी ताकाचं पातेलं आणायला आत गेले.

शेवटी तो मुलगाच आला, बेळगावचा. उपमा खाऊन झाला, कॉफी आली, आणि तुम्ही त्याला सरळ विचारलंत, "माझं पत्र वाचलं काय हो? चूक वाटलं असेल तर तसं सांगा. मला राग येत नाही." तो गोंधळला. "कुठलं पत्र, काका?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. एकदाच. मग त्याच्या भावाची तब्येत कशी आहे ते विचारलंत, त्याच्या गावच्या पाण्याचं विचारलंत, त्याला फाटकापर्यंत सोडून आलात. त्याच्यासमोर मला एक शब्द बोलला नाहीत. मी तिथंच बसून होते, त्याच्या कपातल्या सायीकडे बघत.

परत येऊन तुम्ही समोर बसलात. आवाज चढला नव्हता.

"तुला पटलं नव्हतं?"

"पटलं होतं."

"मग शिवी होती काय त्यात?"

मी सांगितलं की नव्हती, पण भांडण पेटलं असतं. मागच्याच महिन्यात दोघं जण गट सोडून गेले होते. आणि बापाचं पत्र म्हणून सोडलं असंही लोक म्हणाले असते. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत.

"पुट्टी, तुझ्या कामातलं मला कळत नाही. कोणाचं बोलणं थांबवावं लागत असेल कधी, शाळेत मीपण थांबवलंय. पण ज्याचं थांबवलं त्याला सांगावं. एवढे दिवस मी समजत होतो की सगळ्यांनी ऐकलं, आणि उत्तर द्यायच्या लायकीचं नाही म्हणून गप्प बसले."

एवढंच बोललात आणि चष्मा उचलून बाहेरच्या खोलीत गेलात. मला मारलं असतंत तर बरं झालं असतं, असं लिहिणार होते, पण तुम्ही कधी कोणाला मारलं नाहीत, तेव्हा ते नुसतं लिहिण्यापुरतं झालं असतं.

त्याच दुपारी मी पत्र सोडलं. जे होईल असं वाटत होतं ते सगळं झालं. अर्धे कानडी, घरभेदी, असं बरंच आलं. अमेरिकेतल्या एका पोरानं तर आईवरून लिहिलं. मी ते वाचायचं टाळून पुढचं पत्र उघडलं, तर तुम्हाला माझ्या आवाजावरून कळलं. सगळं वाच म्हणालात. वाचून झाल्यावर तुमचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, हे मी काढते. तुम्ही म्हणालात, शिवी काढ, तुझा नियमच आहे तो. पण त्याचं म्हणणं राहू दे, आणि शिवी काढली असं खाली लिही. मी तसं लिहिलं. तेव्हापासून गटातलं काहीही अडवलं की मी त्या माणसाला कळवत गेले. काहींनी उलट मलाच शिव्या दिल्या, काही गट सोडून गेले. गट पुढं मोडला तो यामुळं की आणखी कशामुळं, मला सांगता येणार नाही.

बेळगावच्या मुलानं सगळ्यात लांब उत्तर लिहिलं. भावाला तुरुंगात भेटायला आई कशी जायची ते लिहिलं, आणि काका, तुमच्या दुकानाची काच फुटते, आमच्या माणसांची डोकी फुटली, असं लिहिलं. ते सगळं तुम्ही ऐकलंत. मग त्याला पुढच्या रविवारी बोलाव म्हणालात. तो आला. तुम्ही दोघं दुपारपर्यंत भांडलात, कन्नड आणि मराठी दोन्हींत, आणि कुणाचंच मत बदललं नाही. जाताना तो तुमच्या पाया पडला. नंतरही येत राहिला. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात, तेव्हा खांदा द्यायला तो होता. मला म्हणाला, काकांचं मला शेवटपर्यंत पटलं नाही, पण आता भांडायला कोण?

तेव्हा त्याला सांगावंसं वाटलं होतं. त्याला नाही सांगितलं, आईलाही नाही. हे लिहिलेलं तरी कुठं पाठवणार आहे मी.

भांडणाची भीती मला होती, ते खोटं नव्हतं अण्णा. पण ती मागाहून आली. तुमचं पत्र पडद्यावर उमटलं तेव्हा मला आधी दिसलं ते 'स्वल्प', आणि मग 'सुम्ने'. त्या पुण्याच्या माणसांशी बोलताना मी हे कानडी शब्द तोंडातून काढून टाकले होते. ती हसतील, आणि हे माझ्या घरातलं मराठी आहे हे त्यांना कळेल, एवढ्यासाठी मी तुम्हाला थांबवलं. आणि त्या दुपारी शेवटी पत्र सोडलं, तेही तुम्ही सांगितलेलं नव्हे. 'स्वल्प'चं 'जराशी' केलं, 'सुम्ने'चं 'आहे तशी' केलं, तुमची वाक्यंही सरळ केली. पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं होतं ना, मतं पटली नाहीत पण मराठी किती स्वच्छ आहे? ते तुम्ही माझ्याकडून दोनदा वाचून घेतलंत, आणि आईला हाक मारून तिलाही ऐकवलंत.